तारीख मिळेपर्यंत, आणि तारीख मिळाल्यावर

येत्या बुधवारी माझ्या डाव्या स्तनातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रिया करून काढली जाणार आहे. निदान झाले त्यानंतर काही आठवडे गेले आहेत, आणि मला लिहायचे आहे ते या आठवड्यांविषयीच. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, केस जाणे आणि पुन्हा येणे यांविषयी सांगणारी माणसे भेटतात; परंतु निदान आणि शस्त्रक्रिया यांच्या मधल्या काळात नेमके काय चाललेले असते आणि त्याला इतके दिवस का लागतात, हे मला कोणी आपणहून सांगितले नाही. जे कळले ते विचारल्यावर कळले. जसजसे कळत गेले तसतसे वाट पाहणे सुसह्य होत गेले, आणि ज्या दिवशी काहीच कळत नव्हते ते दिवस सर्वांत वाईट गेले.

मी ५३ वर्षांची आहे, कोथरूडला राहते आणि एका शाळेत गणित शिकवते. गाठ मला अंघोळ करताना हाताला लागली. स्तनाच्या वरच्या बाजूला, काखेकडच्या भागात, कडक, आणि अजिबात न दुखणारी. या रोगाच्या गाठी सर्वाधिक याच भागात आढळतात आणि सुरुवातीला त्या बहुधा दुखत नाहीत. दुखत नाही म्हणून स्वस्थ राहणाऱ्या बायका आपल्या ओळखीत किती असतील याचा विचार केला, तर ही माहिती मुलींना नववी-दहावीतच द्यायला हवी असे मला मनापासून वाटते. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. अहवालात 'बायरॅड्स ५' असे लिहिलेले होते, म्हणजे कर्करोगाची शक्यता फार मोठी. परंतु खात्री करायची तर गाठीचा तुकडा काढून तपासणे आवश्यक होते.

त्याच संध्याकाळी नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंचा फोन आला. "सुई लावू देऊ नकोस हं, सुई लागली की तो पसरतो," असे त्यांनी अगदी कळवळून सांगितले. ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तिच्यापायी तपासणी टाळणाऱ्या बायका डॉक्टरांना नेहमी भेटतात. मी सर्जन मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या की सुईने तुकडा काढल्यामुळे रुग्णाचे आयुष्य कमी होते असे दिसलेले नाही, आणि गाठ कोणत्या जातीची आहे हे न कळता केलेली शस्त्रक्रिया मात्र खरोखरच नुकसान करू शकते. जागा बधिर करून त्यांनी जाड सुईने काही बारीक तुकडे काढले. प्रत्येक वेळी स्टेपलरसारखा खट्ट आवाज झाला. दुखले ते सहन करण्याजोगे होते.

कर्करोग असल्याचे कळले त्या दिवसाविषयी मी फार लिहिणार नाही. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर आम्ही दोघे कर्वे रस्त्याने बरेच अंतर चालत आलो आणि वाटेत एक शब्दही बोललो नाही.

मला वाटले होते की आता दोन-तीन दिवसांत शस्त्रक्रिया होईल. तसे होत नाही. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे केसाहूनही पातळ काप करून त्यांना रंग देतात, आणि मग पॅथॉलॉजिस्ट ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. इतके झाले की कर्करोग आहे की नाही आणि त्याची श्रेणी कोणती, हे कळते. परंतु उपचार ठरवायला तेवढे पुरत नाही. पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक, म्हणजे ती संप्रेरके जिथे चिकटतात त्या जागा, आहेत का, आणि हर-टू नावाचे प्रथिन प्रमाणाबाहेर आहे का, हे वेगळ्या रंगद्रव्यांनी तपासावे लागते. माझ्या अहवालात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही पॉझिटिव्ह आले, आणि हर-टूसमोर '२+' असे लिहून आले. शून्य किंवा १+ असेल तर उत्तर 'नाही', ३+ असेल तर 'आहे', आणि २+ असेल तर ठरवता येत नाही. मग 'फिश' नावाची आणखी एक तपासणी करावी लागते, तीत पेशीच्या केंद्रकात त्या जनुकाच्या किती प्रती आहेत हे प्रत्यक्ष मोजतात. त्यासाठी तोच मेणाचा ठोकळा दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला गेला आणि पुन्हा थांबणे आले.

या थांबण्याने मी सर्वांत जास्त खचले. कर्करोग शरीरात आहे हे ठाऊक आहे, हात लावला की तो लागतो, आणि तरीही कोणी काही करत नाही, असे वाटत राहते. रात्री तीनच्या सुमारास जाग यायची आणि हात आपोआप गाठीकडे जायचा. कालच्यापेक्षा मोठी झाली का हे पाहण्यासाठी. शेवटी मी सर्जन मॅडमना सरळ विचारले की हा अहवाल येण्याआधी शस्त्रक्रिया केली तर काय बिघडेल. त्यांनी दिलेले उत्तर मला आधीच मिळायला हवे होते. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे. अशा वेळी हर-टू पॉझिटिव्ह निघाले तर बहुतेकदा शस्त्रक्रिया आधी करत नाहीत, आधी केमोथेरपी आणि ट्रास्टुझुमॅबसारखी नेमकी त्या प्रथिनावर काम करणारी औषधे देतात, त्याने गाठ किती विरघळते ते पाहतात आणि त्यावरून पुढची औषधे ठरवतात. गाठ आधीच काढून टाकली तर ही माहिती मिळण्याची संधी कायमची जाते. म्हणजे ज्या दिवसांत काहीच होत नाही असे मला वाटत होते, त्या दिवसांत माझ्या उपचारांचा क्रम ठरत होता. त्या रात्रीही तीनला जाग आली, परंतु पुन्हा झोप लागली.

त्याच सुमारास पालख्या पुण्यात आल्या. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते, तेव्हा शहराच्या मध्यभागातले रस्ते बंद असतात आणि प्रयोगशाळांपासून बँकांपर्यंत सगळ्यांची कामे पुढेमागे होतात. आमच्याकडे वारकऱ्यांसाठी दर वर्षी शेंगदाण्याचे लाडू होतात. या वर्षी ते करू नयेत असे घरात सगळ्यांचे मत पडले, आणि मी हट्टाने केले, कारण हात कामात असले की मन अहवालाकडे कमी धावत होते. पालख्या पुढे गेल्यावर फिशचा निकाल आला: निगेटिव्ह. शस्त्रक्रिया आधी करायची हे त्या दिवशी ठरले.

उशिराविषयी माझ्या मनात जी भीती होती तिच्यात मुळीच तथ्य नव्हते असे नाही, आणि इथे माझ्यातल्या गणिताच्या शिक्षिकेला थोडे थांबायचे आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२० साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला होणाऱ्या दर चार आठवड्यांच्या विलंबामागे मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. माझ्या मुलीने हे वाक्य वाचले आणि ती फोनवर रडू लागली. तिने त्याचा अर्थ असा घेतला होता की शंभरांतल्या आणखी सहा ते आठ बायका दगावतात. तसा तो नाही. ही वाढ मूळ धोक्याच्या प्रमाणात आहे. समजा एखाद्या गटातल्या हजार बायकांपैकी १०० दगावणार असतील, तर विलंबामुळे तो आकडा १०६ ते १०८ होईल. एकट्या स्त्रीच्या दृष्टीने हा फरक लहान आहे, आणि योग्य तपासणीसाठी लागलेल्या दोन-तीन आठवड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचा जागतिक अंदाज आहे, आणि एवढ्या संख्येवर तोच फरक फार मोठा होतो. म्हणून तपासणीसाठी थांबणे आणि काढे, चूर्णे, गव्हांकुराचा रस यांच्या भरवशावर महिनेच्या महिने घालवणे यांत मी ठाम फरक करते. या दिवसांत मला असे उपाय सुचवणारे पुष्कळ भेटले. त्यांच्या मायेविषयी मला शंका नाही. पण त्यांचे ऐकून शस्त्रक्रिया पुढे ढकलणाऱ्या बाईचे जे नुकसान होते ते मायेने भरून निघत नाही.

"पेट स्कॅन का केला नाही?" हा प्रश्नही अनेकांनी विचारला. रोग शरीरात आणखी कुठे पसरला आहे का, हे पाहण्याचा हा स्कॅन. काखेतल्या ग्रंथी हाताला आणि सोनोग्राफीत स्वच्छ वाटत असतील, अंगात दुसरे काही लक्षण नसेल, तर सुरुवातीच्या टप्प्यात या स्कॅनमधून क्वचितच काही हाती लागते आणि नसत्या संशयाने आणखी तपासण्या मागे लागतात, असे डॉक्टरांनी समजावले. छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्या ठीक आल्या.

मग प्रश्न होता स्तन ठेवायचा की काढायचा. जवळजवळ प्रत्येकीने सांगितले, "काढूनच टाक, कटकट नको." मलाही पहिले काही दिवस तसेच वाटत होते. शरीराचा जो भाग आपल्यावर उलटला तो नकोच, अशी ती भावना असते आणि ती फार प्रबळ असते. परंतु निर्णय भावनेवर सोपवण्याआधी मी माहिती घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉल्स्टेड या अमेरिकी सर्जनने स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढण्याची पद्धत रूढ केली, आणि पाऊणशे वर्षे बायकांवर तीच होत राहिली. जितके जास्त कापू तितके चांगले, असे मानले जात होते. पुढे अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी काही स्त्रियांचा पूर्ण स्तन काढून आणि काहींची फक्त गाठ काढून रेडिएशन देऊन दोन्ही गटांची तुलना केली. २० वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले: दोन्ही गटांतल्या स्त्रिया सारख्याच प्रमाणात जगल्या होत्या. स्तन ठेवला तर त्याच स्तनात रोग परतण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून रेडिएशन टाळता येत नाही. आता ते बहुधा तीन आठवड्यांत संपते. मी गाठच काढायचे ठरवले. ज्या बाईला रोज रेडिएशनसाठी येणे शक्य नाही, किंवा जिची गाठ स्तनाच्या मानाने मोठी आहे, तिचा निर्णय वेगळा होईल आणि तोही तितकाच योग्य असेल. मला खटकले ते इतकेच की हा निर्णय आपला असतो, हे अनेक बायकांना कोणी सांगतच नाही.

सासूबाईंना सांगायचे की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. त्यांचे वय ८२ आहे आणि त्यांना धक्का बसेल असे सगळ्यांना वाटत होते. शेवटी मीच त्यांच्या खाटेवर बसून सांगितले. त्या बराच वेळ माझा हात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या आत्याबाईंना हेच होतं. पुरुष डॉक्टरला कशी दाखवायची म्हणून पदराआड लपवली त्यांनी. वास यायला लागला तेव्हा घरात कळलं. तू दाखवलीस, बरं केलंस." मी त्यांच्या घरात २८ वर्षे राहते आहे आणि या आत्याबाईंविषयी कधी काही ऐकले नव्हते. अनुवंशाचा प्रश्न आला तेव्हा माझ्या माहेरच्या बाजूनेही मी मावश्यांना, आत्यांना फोन करून विचारले, आणि 'पोटाच्या दुखण्याने' किंवा 'अशक्तपणाने' गेलेल्या बायकांची नावे निघत राहिली. नेमके काय झाले होते हे कोणालाच सांगता येईना. शंभरातले साधारण ५ ते १० स्तनांचे कर्करोग अनुवंशिक असतात. माझ्या घराण्यात तसे ठोस काही सापडले नाही. मुलीने चाळिशीपासून नियमित तपासणी करावी, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

माझे पती मुळात कमी बोलतात. त्यांनी सगळ्या अहवालांची तारखेनुसार फाइल लावली, विम्याच्या पूर्वमंजुरीचे अर्ज भरले, आणि आता ते माझ्याआधी उठून स्वयंपाकघरात जातात. एका रात्री मी त्यांना म्हटले की शस्त्रक्रियेनंतर तिथे व्रण असेल, आकार बदललेला असेल, आणि मला ते तुमच्यापासून लपवून कपडे बदलायचे नाहीत. ते म्हणाले, "लपवायचं कशाला?" आणि मग उशिरापर्यंत आम्ही दोघे बोलत राहिलो, तसे आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

विम्यावरून आठवले म्हणून सांगते. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंनी सगळे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा: "आमच्यासारखीला झालं तर काय करायचं?" महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटायचे असते. हे मी त्यांना कागदावर लिहून दिले.

"पॉझिटिव्ह राहा" असे मला रोज कोणी ना कोणी सांगते. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, तरी या सल्ल्याने मला त्रास होतो, आणि त्याचे कारण मी इथे स्पष्ट लिहिते. माझ्या मनाच्या अवस्थेमुळे ही गाठ झाली नाही, आणि मी एखाद्या रात्री रडले म्हणून ती वाढणार नाही. धैर्य असले की रोग बरा होतो असे म्हणताना, जी बरी झाली नाही ती धैर्यात कमी पडली असा अर्थ निघतो. आणि हा अन्याय मी सासूबाईंच्या त्या आत्याबाईंवर होऊ देणार नाही. मला या दिवसांत ज्यांची खरी मदत झाली त्यांनी मला काही राहा म्हणून सांगितले नाही. एका मैत्रिणीने माझे दहावीचे पेपर तपासून दिले. शेजारच्या काकू रोज विचारतात, "आज काय कळलं?" आणि जे मी सांगेन ते शांतपणे ऐकून घेतात. वेताळ टेकडीवर सकाळी माझ्याबरोबर येणाऱ्या दोघी माझ्या वेगाने चालतात आणि मी बोलले तरच बोलतात. शस्त्रक्रियेआधी रोज चालणे चालू ठेवा, त्याने नंतर उठायला सोपे जाते, असे भूलतज्ज्ञांनीच सांगितल्यामुळे पावसातही आमचे टेकडीवर जाणे चुकलेले नाही.

आता तारीख मिळाली आहे. एका नातेवाइकांनी चांगला दिवस पाहून घ्या असे सुचवले. आमच्या सर्जन मॅडम बुधवारी आणि शनिवारी शस्त्रक्रिया करतात, तेव्हा बुधवार चांगला आहे असे मी त्यांना सांगितले. ईसीजी, टू-डी इको, भूलतज्ज्ञांची तपासणी झाली. तीन चेंडूंचे एक प्लास्टिकचे यंत्र दिले आहे, त्यातून श्वास आत ओढून चेंडू वर उचलून धरायचे. फुफ्फुसांच्या व्यायामासाठी ते असते. चालू असलेली प्रत्येक गोळी, अगदी आयुर्वेदिकसुद्धा, त्यांना सांगावी लागते, कारण काही औषधांनी रक्तस्राव वाढतो. हातातल्या पाटल्या निघत नव्हत्या, त्या लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाकडून काढून आणल्या. समोरून बटणांचे सुती गाऊन शिवून घेतले, कारण नंतर काही दिवस हात वर करून कपडे घालता येत नाहीत.

शस्त्रक्रियेच्या वेळी स्तनात निळा रंग टोचतील. तो लसिकावाहिन्यांतून, म्हणजे शरीरातला लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, काखेतल्या ज्या ग्रंथींत सर्वांत आधी पोहोचेल, त्याच काढून मी भुलेत असतानाच तपासतील. त्यांत कर्करोग नसेल तर बाकीच्या ग्रंथी राखता येतात आणि पुढे हाताला सूज येण्याचा धोका कमी होतो. दुसऱ्या दिवशी लघवी निळसर-हिरवी झाली तर घाबरू नका, असे परिचारिकेने आधीच सांगितले, आणि असे आधी सांगणाऱ्या माणसांविषयी मला किती कृतज्ञता वाटते हे शब्दांत मांडणे कठीण आहे.

शेवटच्या भेटीत मी एक प्रश्न लिहून नेला होता. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या सुमारे १६०० स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे तिच्याभोवती लिग्नोकेनचे, म्हणजे दात काढताना देतात त्याच बधिर करण्याच्या औषधाचे इंजेक्शन दिले, तेव्हा पाच वर्षांनी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या. ज्यांना ते दिले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ८६.४ टक्के होते. औषध अगदी स्वस्त आहे आणि कोणत्याही रुग्णालयात असते. आपल्या देशात, आपल्या बायकांच्या सहभागाने हे सिद्ध झाले याचा मला अभिमान वाटतो. माझ्यासाठी ते वापरणार का, असे मी विचारले. सर्जन मॅडमनी होकार दिला, आणि माझ्यासमोरच केसपेपरवर तशी नोंद केली.

मंगळवारी रात्रीनंतर खायचे नाही, पाणी मात्र शस्त्रक्रियेआधी दोन तासांपर्यंत चालेल. बुधवारी सकाळी सहाला दाखल व्हायचे आहे. काढलेल्या गाठीचा आणि ग्रंथींचा संपूर्ण अहवाल यायला पुन्हा आठवडा-दीड आठवडा लागेल, आणि केमोथेरपी लागेल की फक्त संप्रेरकांचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या पुरतील हे त्यावर ठरेल. या वेळी त्या दिवसांत प्रयोगशाळेत काय चाललेले असते हे मला माहीत आहे. अहवाल आला की पुढचे लिहीन.